सबसिडीची तिरडी

आमच्या जबलपुरात मराठी घरात कोणी गेलं की दोन ठिकाणी निरोप जातो. एक भटजींकडे, दुसरा माझ्याकडे. भटजींना उशीर झाला तर लोक थांबतात. मला आजवर उशीर झालेला नाही.

धंदा माझा मंडपाचा. बोर्डावर 'टेंट हाऊस' लिहिलंय, ते पोराने लिहवलं. लग्न, मुंज, गणपती, भागवत सप्ताह, जिथे सावली पाहिजे तिथे लाकडी बल्ल्या आणि बांबू आमचे. तिरडी बांधणं हा धंदा नव्हे. त्याचे पैसे माझ्या बापाने घेतले नाहीत, मीही घेत नाही. बाप वर्ध्याकडून इथे आला तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होती. मग राज्यांची वाटणी झाली. नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. आम्हाला कोणी विचारलं नाही, आम्हीही कोणाला विचारायला गेलो नाही. नात्यातले लोक म्हणाले, चला आता परत. बाप म्हणाला, "नर्मदा चालली काय तिकडे? मग मी काहून जाऊ?" विषय संपला.

मी शाळेत चौथीपर्यंत गेलो. पुढे मास्तरचं आणि माझं जमलं नाही, म्हणून लिहिणं असं आहे. पण गाठ मारणं मला बापाने शिकवलं आणि त्यात मी कोणाला ऐकत नाही. गाठी दोन. मंडपाची गाठ सुरगाठ. वर चढून मारली की वादळी वाऱ्यातही हलू नये, पण मोकळं टोक ओढलं की झटक्यात सुटली पाहिजे, कारण लग्न झालं की मंडप उतरवायचा असतो. तिरडीची गाठ वेगळी. तिथे सुतळी एकच, अख्खी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये कुठेही कापायची नाही. आणि गाठ न सुटणारी. बाप म्हणायचा, "जो उठणार नाही त्याला पक्की. जो उठणार आहे त्याला कच्ची." आणि एक नेम होता. ती पक्की गाठ जित्या माणसासाठी मारायची नाही. खेळात नाही, थट्टेत नाही, शिकवायला म्हणूनसुद्धा नाही. मला त्याने ती शिकवली ती एका गेलेल्या माणसाच्या अंगणात, लोक रडत असताना. मी माझ्या पोराला तशीच शिकवली.

एवढं आधी सांगितलं, कारण पुढचं याच्यावरच अडलं होतं.

झालं असं की आमच्या सरकारने टीव्हीवाल्यांसाठी सबसिडी काढली. जो कोणी आपल्या राज्यात येऊन सिरियल बनवेल, इथे मुक्काम करील, इथले कलाकार आणि इथले कारागीर कामाला लावील, त्याच्या खर्चातला काही हिस्सा सरकार त्याला परत देईल. चौकात लोक नाक मुरडत होते. "गरिबाला द्यायला नाही आणि या नाचणाऱ्यांना देऊन राहिले." मी म्हणत होतो, बरोबर केलं. मंडपाचा पहिला खांब रोवताना कोणीतरी तो धरून उभं राहावं लागतं. चार खांब झाले की मग ते एकमेकांना धरतात. सरकारने पहिला खांब धरला, त्यात काय वाईट? आमच्या पोरांनी काय जन्मभर मुंबईची घरंच टीव्हीवर पाहायची?

मुंबईहून एक कंपनी आली. नेपियर टाउनात मोठं अंगण असलेलं जुनं घर भाड्याने घेतलं. हिंदी सिरियल, नर्मदेकाठच्या एका घराण्याची गोष्ट. पोरगा सांगत आला, "बाबा, आपल्याला काम भेटलं. कारागीर म्हणून नावं लिहून घेतली आपल्या सगळ्यांची."

मी माझी माणसं घेऊन गेलो. सगळी नर्मदेवरच्या तिलवारा घाटाकडची, बापापासून आमच्याकडे असलेल्या घरांतली. जाऊन पाहतो तर कारागिरी म्हणजे खुर्च्या उचला. एकाने नायिकेच्या डोक्यावर छत्री धरायची, एकाने वायरीवरून कोणी पडू नये म्हणून उभं राहायचं. सुताराची, रंगाची, उभारणीची सगळी कामं मुंबईहून आणलेली माणसं करत होती. नावं आमची, काम त्यांचं.

सेटचा सगळा कारभार एका आर्टवाल्याकडे होता. शेंडीसारखे केस बांधलेला, चाळिशीचा, तोंडाने गोड माणूस. मी त्याला सरळ विचारलं, "हमको बांस कब दोगे?"

"चाचा, आराम से बैठो ना. पैसा तो मिल रहा है."

"बैठने का पैसा हम नहीं लेते."

मी खुर्ची उचलली नाही. पोरगा माझ्याही वाट्याच्या उचलत होता आणि माझ्याकडे रागाने पाहत होता. पाहू दे. चार दिवस मी झाडाखाली उभा राहिलो, बसलो सुद्धा नाही. मला तिथलं एकच काम पाहिजे होतं. सिरियलीत पुढे एक मोठं लग्न होतं, तिलवाऱ्याच्या रेतीत, नदीला लागून. त्याचा मंडप. असा मंडप उभारायला मिळावा म्हणून माणूस जन्मभर मुंजीचे मांडव घालत असतो. आर्टवाला म्हणत होता, त्यालाही मुंबईची टोळी येणार. मी म्हणत होतो, येऊ दे तर खरं.

मग एक दिवस सकाळीच तो आर्टवाला पळत माझ्याकडे आला. भोपाळहून साहेब येणार होते. सबसिडीवाले. कंपनी खरंच इथल्या माणसांकडून काम करून घेते की नुसती नावं लिहिते, ते बघायला. त्यांनी तसं कागदावर दिलं तरच सबसिडी, आणि सबसिडी मिळाली तरच कंपनी जबलपुरात थांबणार.

"चाचा, आज आपका दिन है. दादाजी के मरने का सीन है. अर्थी बांधनी है. आप लोगों में आप ही बांधते हो ना?"

"मुंबईवाली कुठे गेली?" मी विचारलं. कारण मी ती पाहिली होती. लोखंडी पाइपाची, वरून बांबूसारखा रंग दिलेली. तिच्यावर म्हणे किती तरी सिरियलींतले म्हातारे मरून उठले होते.

"वो गाड़ी में है. उसको भूल जाओ. चाचा, ये अच्छे से हो गया ना, तो तिलवारा का मंडप आपका. ज़बान देता हूँ."

मी बांबू मागवले. माझे, माझ्या दुकानातले.

ज्याला त्या दिवशी मरायचं होतं तो कलाकार माझ्याजवळ येऊन बसला. पांढऱ्या दाढीचा, माझ्याच वयाचा असेल. तोही सबसिडीमुळेच आलेला. भोपाळकडे आयुष्यभर नाटकं केली होती त्याने. म्हणाला, "सारी उमर स्टेज पे राजा बना. टीवी वालों ने पहली बार बुलाया, तो मरने के लिए."

मी बांबू तासत होतो. तो माझ्या हाताकडे पाहत होता.

"भाईसाहब, बहुतों की बांधी है?"

"आमच्या लोकांत जवळजवळ सगळ्यांची."

"मेरी पत्नी का फोन आया था. कह रही थी, सुनो, लेटना मत उस पर. मैंने कहा, पगली, नाटक है." हसला, पण हसू ओठावरच होतं. "आप बताओ, कुछ होता है क्या?"

मी त्याला सुतळी दाखवली. हातभर हातभर तुकडे केले होते. एक सुरगाठ मारली, टोक त्याच्या बोटात दिलं, म्हटलं ओढा. त्याने ओढलं. सुटली.

"ये लगन के मंडप की गांठ है," मी म्हटलं. "आपके लिए वो दूसरी वाली नहीं बांधी. आप तो शाम को चाय पिओगे."

त्याने ती सुटलेली सुतळी माझ्या हातात परत दिली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून कपडे बदलायला गेला.

दुपारी साहेब आले. बारीक अंगाचे, खांद्यावर कापडी पिशवी, नरसिंहपूरकडची बोली. सगळीकडे हिंडले. कंपनीचे लोक मागेपुढे. साहेब एकेकाला विचारत होते, "तुम क्या काम करते हो?" माझा छत्रीवाला खोटं बोलणाऱ्यांतला नाही. म्हणाला, "छाता पकड़ते हैं साहब." साहेबांनी मान हलवली. आर्टवाल्याचा चेहरा उतरला.

मग ते अंगणात तिरडीपाशी आले. खाली बसले. एक गाठ बघितली, दुसरी बघितली.

"ये किसने बांधी?"

"हमने."

"कहाँ के हो?"

"यहीं के. जबलपुर के."

"यहाँ के होते तो ऐसी नहीं बांधते." साहेब उठून उभे राहिले. "रस्सी काट-काट के लगाई है. हमारे गाँव में तो बच्चा भी जानता है, अर्थी की रस्सी काटते नहीं. इनको अर्थी बांधना आता ही नहीं. आप लोग किसको कारीगर बना के खड़ा कर देते हो?"

हे ते आर्टवाल्याला म्हणाले, पण बोट माझ्याकडे होतं. सगळं अंगण माझ्याकडे पाहत होतं. मुंबईच्या सुतारांपैकी एक जण हसला. ज्याच्या हाताने अर्धं नेपियर टाउन शेवटचं घराबाहेर निघालं त्याला तिरडी बांधता येत नाही, हे मी माझ्या गावात, माझ्या पोरासमोर ऐकून राहिलो होतो.

आर्टवाल्याने माझा कोपर धरला. हळूच म्हणाला, "चाचा, सही वाली बांध दो ना. पाँच मिनट का काम है. मंडप याद है ना?"

"नाही बांधणार."

"आता है कि नहीं आता?"

"येते."

"तो?"

"तो कुछ नहीं."

पोरगा खुर्ची टाकून आला. "बाबा, काहून अडून राहिले? सगळ्यांची रोजी जाईल. बांबूच तर आहेत."

"बांबूच आहेत तर तू झोप. तुझ्यासाठी बांधू काय पक्की?"

त्याला नेम माहीत होता. पण त्याच्या डोळ्यांत मला तिलवाऱ्याची रेती दिसत होती. मलाही दिसत होती. मी काय दगड आहे?

साहेब ऐकत होते. मराठी त्यांना थोडी कळत असावी. म्हणाले, "आती है तो दिखा दो. बात खत्म."

"वो दिखाने की चीज नहीं है साहब. जिन घरों में बांधी है, उनसे जाके पूछ लो. यहाँ जिंदा आदमी लेटने वाला है. जिंदा आदमी के लिए हम वो गांठ नहीं मारते. सरकार की सबसिडी मिले, ना मिले."

तेवढ्यात तो पांढऱ्या दाढीवाला कलाकार धोतर सावरत आला, पायांतल्या चपला बाजूला काढल्या आणि सरळ जाऊन तिरडीवर आडवा झाला. हात छातीवर.

"साहब, मैं तो इसी पे मरूँगा. दूसरी बंधवाओगे तो अपना आदमी लिटाना."

लोक हसले. साहेब हसले नाहीत. पुन्हा खाली बसले आणि एका सुतळीचं मोकळं टोक दोन बोटांत धरून, जसं आपण कापडाचं सूत बघतो तसं, जरा ओढलं.

गाठ सुटली. तिच्यावर जो आडवा बांबू होता तो घरंगळला, आणि तो कलाकार तिरडीवर पसरलेल्या पेंढ्यासकट कमरेकडून वीतभर खाली बसला.

"अरे! इतनी जल्दी ऊपर बुलाया, अब नीचे भेज रहे हो?"

आता सगळंच अंगण हसलं, मुंबईचे सुतारसुद्धा. साहेब हातात सुतळी धरून माझ्याकडे पाहत होते. "ये तो खुल गई."

"खुलने के लिए ही बांधी है. ये घर जाएगा शाम को. इसकी घरवाली राह देख रही है. इसको पक्का कायको बांधना?"

साहेबांनी ती सुतळी बोटाभोवती गुंडाळली, परत सोडली. गावाकडचा माणूस होता. घरातलं कोणी तरी त्यांनी नुकतंच घाटावर पोचवलं असावं, असं मला त्या वेळी वाटलं. विचारलं नाही. मग ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "फिर से बांधो. यही वाली. मैं देखता हूँ."

मी हाक मारली. माझ्या माणसाने छत्री मिटून ठेवली आणि आला. नायिका उन्हात उभी, तिचीही काही तक्रार नव्हती, तीही बघायला लागली. वायरीवाला आला, पोरगा आला. मंडप उभारताना आम्ही बोलत नाही. बापाच्या वेळेपासून तसंच आहे. कोण काय धरणार, कोण कधी सोडणार, हे सांगावं लागत नाही. एकाने लांब बांबू दाबून धरले, एकाने आडवे टाकले, पोरगा सुतळी पुरवतो आहे, मी गाठ मारतो आहे. मधेच माझा हात थांबला तर पोराचा सुरू व्हायचा. साहेबांना चहा दिला होता. तो त्यांनी तसाच ठेवला आणि ते पाहत राहिले.

झाली तेव्हा त्यांनी स्वतः उठून बांबूला पाय लावला, जोर दिला. हलली नाही. मग विचारलं, "कौन सा सिरा खींचूँ तो खुलेगी?" मी दाखवलं. त्यांनी ते टोक नीट आत खोचून ठेवलं, ओढलं नाही.

"काम तो यहीं का है," आर्टवाल्याला म्हणाले. "हाथ भी यहीं के हैं. फिर इनसे छाता क्यों पकड़वाते हो?"

आर्टवाला काही तरी पुटपुटला. ती लोखंडी तिरडी गाडीत ताडपत्रीखाली होती, ताडपत्री कोणी उचलून बघितली नाही, आणि मीही काही बोललो नाही. चुगली करायला मी तिथे गेलो नव्हतो. जाताना साहेब म्हणाले, आता सारखे येत राहू. ते पुढे दोनदा आले सुद्धा.

सीन झाला. घरातल्या बाया रडल्या, छान रडल्या. 'कट' म्हटल्यावर म्हातारा उठून बसला आणि म्हणाला, "भाईसाहब, वो चाय का क्या हुआ?" मी टोकं ओढली. तिरडीचे परत बांबू झाले. दुसऱ्या दिवशी तेच बांबू एका बारशाच्या मांडवाला गेले.

घरी आलो तर बायको दारातच उभी, हातात पाण्याची बादली. "आधी आंघोळ करा."

"कशाची? कोणी मेलं नाही."

"तिरडी बांधून आले ना? मग."

"तिरडी नव्हतीच ती."

"मग कॅमेऱ्यापुढे काय पाळणा बांधला?" आणि तिने पायांवर पाणी ओतलंच. मी आंघोळ केली नाही, तिने ओतणं थांबवलं नाही. आमच्या घरात असंच चालतं.

तिलवाऱ्याचा मंडप आम्ही उभारला. मुंबईची टोळी आली, पण तिने रंग लावला, बल्ल्या आमच्या. रेतीत खांब उभा करणं म्हणजे पाण्यात काठी उभी करण्यासारखं. आमची माणसं जन्माची रेतीतली, त्यांना ते सांगावं लागलं नाही. नागपूरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या पुलावर थांबायच्या आणि लोक खाली बघायचे. मी वर, सर्वांत उंच आडव्या बांबूवर, बसून होतो. पोरगा ओरडत होता, "बाबा, उतरा, या वयात!" मी उतरलो नाही. शेवटची गाठ माझी होती.

सिरियल लागली तेव्हा सगळी गल्ली आमच्या घरात. नात माझी, मराठी समजते पण उत्तर हिंदीतच देते, ती टीव्हीसमोर जमिनीवर. शेवटी नावं पळतात. माझ्या चौथीच्या डोळ्यांना ती पकडता येत नाहीत. ती ओरडली, "दादाजी! मंडप सज्जा! अपनी दुकान! और नीचे जबलपुर लिखा है!" मी म्हटलं, परत दाखव. ती म्हणाली, आता उद्या. दुसऱ्या दिवशी परत पाहिलं. तिसऱ्याही दिवशी. गोष्ट काय चालली होती ते मला सांगता यायचं नाही, मी शेवटची पाटी पाहायला बसत होतो. बाप इथे का राहिला, ते कोणी विचारलं असतं तर मी टीव्हीकडे बोट दाखवलं असतं.

पण तिरडीही सगळ्यांनी पाहिली होती. गणपतीत आमच्या मंडळाचे एक निवृत्त मास्तर, ज्यांच्या घरची दोन माणसं मी पोचवली आहेत, ते सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो, काय हे! सुतळी तोडून तोडून लावली तुम्ही. सगळ्या हिंदुस्थानाने पाहिलं. हात सुटला का आता? वय झालं."

पोरगा तोंड उघडणार होता. मी त्याला डोळ्याने गप्प केलं. समजावत बसणं वकिलाचं काम आहे.

"हो," मी म्हटलं, "सुतळी तोडूनच लावली."

"मग बरोबर कशी ते एकदा दाखवा तरी पोरांना. तुमच्यामागे कोण बांधणार?"

"दाखवीन की मास्तर. तुमच्याच वेळी दाखवीन. पोरं बघतील, पण तुम्हाला काही पाहता यायचं नाही."

हळूहळू मास्तरांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"मग जित्यापणी चहा तरी पाजा," ते म्हणाले.

पाजला. आणि बसायला जी खुर्ची पाहिजे होती ती त्या दिवशी मी स्वतः उचलून दिली.